दुसरा ब्रेक

बाईंच्या उजव्या पायातली चप्पल कायम डावीच्या आधी झिजायची, आणि तीही टाचेला नाही, पुढे, अंगठ्याच्या मुळाशी. चपला शिवणारा म्हातारा दर खेपेला विचारायचा, "एका पायावर नाचता की काय?" बाई म्हणायच्या, "मी कुठली नाचते, मला नाचवतात."

नाचवणारी माणसं महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची. बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. शिकणारा स्टिअरिंगवर आणि बाई शेजारच्या सीटवर. त्या सीटपुढे एक जास्तीचा आरसा असतो आणि पायाशी दोन पेडलं, एक क्लचचं, एक ब्रेकचं. स्कूलमध्ये त्याला दुसरा ब्रेक म्हणत. शिकणाऱ्याचं चुकलं की तो बाईंनी दाबायचा. एकवीस वर्षांत त्या पेडलावरचं रबर तीनदा बदलावं लागलं होतं. बाई बदलल्या नव्हत्या.

त्या इथे लागल्या होत्या फॉर्म भरायला. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा आजारपणात गेला, आणि घरात बसून लोकांच्या हळहळीला तोंड देण्यापेक्षा ऑफिसातली खुर्ची बरी असं त्यांना वाटलं. गाडी त्या भावाच्या टेम्पोवर शिकल्या होत्या. एके दिवशी शिकवणारा आला नाही, शिकायला आलेली नर्स रडकुंडीला आली, तेव्हा मालक म्हणाले, "बाई, तुम्ही बसा हो शेजारी. नुसतं बसायचंय." ते नुसतं बसणं एकवीस वर्षं चाललं. मालकांनी दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं, 'एकवीस वर्षं, एकही अपघात नाही.' दर वर्षी रंगारी येऊन आकडा तेवढा बदलून जायचा.

नव्या शिक्षकांना बाई एकच गोष्ट शिकवायच्या. समोर चूक होताना दिसली की लगेच पाय दाबायचा नाही. मनात 'एक' म्हणायचं. तो एक शिकणाऱ्याचा. तेवढ्यात तो दचकेल, घाबरेल, स्वतःचा ब्रेक शोधेल. नाहीच सापडला तर पुढचा क्षण आपला. "तो एक तुम्ही खाल्लात ना," बाई म्हणायच्या, "तर तो माणूस जन्मभर तुमच्या पायानं गाडी चालवेल."

दोन वर्षांपूर्वी शाळेजवळच्या वळणावर एक मुलगी मैत्रिणीला हात करत उलटी चालत फुटपाथवरून खाली उतरली. स्टिअरिंगवर बँकेतला एक कारकून होता. तो थिजला. बाईंनी 'एक' म्हटलं आणि मग पाय दाबला. गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि दप्तर यांच्यात वीतभर अंतर होतं. मुलगी वळली, बोनेटवर पंजा ठेवून क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. बाईंना तो पंजा पुढे कित्येक दिवस धुळीत उमटलेला दिसायचा, गाडी धुतल्यावरही.

"काही झालं नाही," त्या कारकुनाला म्हणाल्या. मालकांनाही तेच सांगितलं, फोनवर बहिणीलाही. आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून त्यांनी गाडीतल्या बझरची वायर काढायला लावली. अशा गाड्यांना बझर असतो. दुसरा ब्रेक दाबला की तो वाजतो, म्हणजे शिकणाऱ्याला कळतं की गाडी त्यानं थांबवलेली नाही. "त्या आवाजानं लोक घाबरतात रे," बाई म्हणाल्या. मेकॅनिकनं मान हलवली आणि वायर काढली. बाईंचा शब्द तो खाली पडू देत नसे.

शनिवारी दुपारी थिअरीच्या वर्गात खेळ भरायचा. खेळ आणला होता बाईंच्या भाचीनं. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताशी काम करायची आणि आठवडाभर लोकांचे आ वासलेले जबडे बघून शनिवारी तिला राक्षस हवे असायचे. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं. भाची गोष्ट सांगणार, इथे गुहा आहे, इथे पूल तुटलाय, अंधारातून काहीतरी येतंय. आपण काय करणार ते आपण सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि काय झालं ते पुन्हा भाची सांगणार. चौक आणि वळणं समजावण्याचा लोखंडी फळा टेबलावर आडवा टाकून त्याचं रणांगण व्हायचं. पार्किंग शिकवायच्या चुंबकाच्या छोट्या गाड्या म्हणजे योद्धे. लाल ट्रक म्हणजे राक्षस. रस्त्यावरच्या खुणांचा पुठ्ठा उभा करून भाची त्याच्यामागे आपले कागद लपवायची.

खेळणारे तीन. बाई, मेकॅनिक आणि ऑफिसात फॉर्म भरणारी मुलगी. ती त्या शनिवारी आली नव्हती.

प्रत्येक पात्राला हिट पॉइंट असतात. मार बसला की कमी होतात, शून्य झाले की पात्र पडतं. सुरुवातीचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, आणि किती उरले ते बाकी ठिकाणी खेळणाऱ्याच्या कागदावर असतं. भाची ते स्वतःकडे ठेवायची. तुम्हाला काय वाटतंय, काय दिसतंय एवढंच सांगायची. ही तिची स्वतःची रीत होती. दुसरी रीत अशी की पात्राची ताकद वाढायची ती त्यानं स्वतः मार अंगावर घेतला तरच. मागं लपून बसणाऱ्याला तिच्याकडे काही मिळत नसे.

बाईंचा योद्धा पिढीजात लढवय्या होता, निळ्या गाडीचा. तो नेहमी पुढे. मेकॅनिकचा जादूगार पिवळ्या गाडीचा, तो नेहमी निळ्या गाडीच्या मागे.

"किती उरले माझे?" बाईंनी विचारलं. लाल ट्रक झेब्रा क्रॉसिंगवर आला होता.

"सांगत नाही ना मी, मावशी."

"बरं, रक्त?"

"नाही. धाप लागलीय. ढाल खांद्याच्या खाली आलीय. मघाचा घाव कानाजवळून गेला, भिंतीचा टवका उडाला."

"म्हणजे लागला नाही."

"लागला नाही."

"मग झालं तर. मी पुढेच."

"उस्ताद, एकदा मला जाऊ द्या की पुढे," मेकॅनिक म्हणाला. तो बाईंना उस्ताद म्हणायचा. "आठ महिने झाले, माझ्या म्हाताऱ्या जादूगारानं अजून राक्षसाचं तोंड बघितलेलं नाही. पाठमोरे तुम्हीच दिसता."

"गप बस. नऊ पॉइंटवाला तू."

"ते नऊचे दहा कधी होणार मग?"

फासा पडला. भाचीनं पुठ्ठ्यामागे काहीतरी लिहिलं, पेन्सिल थांबली, आणि तिनं निळी गाडी उचलून आडवी ठेवली.

"पडला," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "कसा पडला? अगं, ओरखडा नव्हता अंगावर."

"ओरखडा नसणं वेगळं आणि पॉइंट असणं वेगळं."

"हे बरंय. म्हणजे मेलेला माणूस ठणठणीत होता म्हणायचं."

"मावशी, ऐक. नव्या शिपायाला आठ पॉइंट. तुझ्या योद्ध्याला चौसष्ट. कुऱ्हाडीचा एक घाव आठांचा. म्हणजे तुझ्या योद्ध्याची कातडी आठपट जाड आहे का?"

"माझ्या पोटाकडे बघून बोलू नका," मेकॅनिक म्हणाला.

"तोच घाव नव्याच्या मानेवर बसतो," भाची म्हणाली. "हा जुना. त्याला तो येताना दिसतो, हा अर्धं पाऊल सरकतो, घाव कानाजवळून जातो. पण सरकायला काही लागतं की नाही? दम लागतो, नजर लागते, धीर लागतो. थोडं नशीबही लागतं. ते सगळं मिळून हिट पॉइंट. आपण वाचलो असं म्हणतो ना, त्या दर वाचण्यात ते थोडे थोडे जातात. दिसत काहीच नाही. अगदी शेवटचे चार-पाच अंगातले असतात, रक्त निघतं ते तिथं."

"म्हणजे वाचणं हासुद्धा मारच."

"असं काहीसं." भाचीनं पेन्सिल कानामागे लावली. "खेळात एकदा गाढ झोप काढली की सगळे परत मिळतात. तो नियम मला कधी पटला नाही, पण पुस्तकात आहे."

मग लाल ट्रक पुढे सरकला, कारण मध्ये आता कुणी नव्हतं. मेकॅनिकनं फासा टाकला. भाचीनं पिवळ्या गाडीला बोटानं टिचकी मारली आणि ती चौकाबाहेर जाऊन पडली.

"संपला?" मेकॅनिक हसायला लागला. "आठ महिने जपलंत उस्ताद, अंड्यासारखं. आणि पहिला फटका बसला तोच शेवटचा."

तो हसत होता, भाचीही हसली. बाईंनी पिवळी गाडी उचलून फळ्यावर ठेवली, ती सरळ उभी राहतेय की नाही बघितलं. त्यांना शिवणकाकू आठवल्या.

शिवणकाकूंचं कपडे शिवायचं दुकान होतं, गणवेश आणि पडदे. वय छप्पन्न. गाडी चालवायचे ते त्यांचे यजमान. आता यजमानांच्या डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी झालं होतं, आणि दर महिन्याला हायवेच्या पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागायचं. कधी पुतण्या न्यायचा, कधी शेजारी. काकूंना ते सहन होईना. "माणूस आपल्याला न्यायला आला की त्याच्या घड्याळाकडे बघून बसावं लागतं," त्या म्हणायच्या. म्हणून त्या गाडी शिकायला आल्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा थांबायच्या पांढऱ्या रेघेवरून गाडी पुढे गेली. घाबरल्या, दुसरं काही नाही, असं सगळ्यांनी ठरवलं, कारण एरवी त्यांचा ब्रेक लोण्यासारखा होता. मालक खिडकीतून बघून म्हणायचे, "काकूंची गाडी थांबते ती पाळण्यासारखी."

तिसरी परीक्षा मंगळवारी होती. बुधवारी इंजेक्शन.

रविवारभर बाई आठवत बसल्या. चार महिन्यांत काकूंच्या शेजारी बसून आपण 'एक' कधी म्हटलं? भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बहिणीचा फोन कानाला लावलेला असताना त्या आठवत होत्या. एकदाही आठवेना. त्याच्या आधीच्या शिकणाऱ्यांचंही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की पाय आता आपसूक जातो. समोर काही दिसायच्या आधी जातो, हळूच, कुणाला कळणार नाही इतका मऊ. त्यांना स्वतःलाही कळत नव्हता. जेवताना त्यांनी टेबलाखाली बघितलं. उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.

त्यांनी हिशेब केला, पुलावरचा ट्रक, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारे गुरुजी, पावसात आडवा आलेला सायकलवाला, भिंतीपासून चार बोटांवर थांबलेली गाडी, आणि ती मुलगी. दर वेळी काही झालं नाही. दर वेळी त्यांनी चहा घेतला होता आणि पुढच्या शिकणाऱ्याला हाक मारली होती.

सोमवारी सकाळी त्या गॅरेजमध्ये गेल्या. मेकॅनिक गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर.

"बझरची वायर जोडून दे."

पाय थांबले. "आता? दोन वर्षांनी?"

"आता."

तो सरपटत बाहेर आला, हात पुसत. काही विचारणार होता, पण बाईंचा चेहरा बघून वायर शोधायला लागला. जोडून झाल्यावर म्हणाला, "दाबून बघा." बाईंनी दाबलं. बारीक, चिडकी घुं निघाली. मेकॅनिकला ती विनोदी वाटली असावी, पण तो हसला नाही.

ऑफिसात मालक काकूंचे कागद लावत होते. "तिसऱ्या खेपेला साहेब फारसं ताणत नाहीत," ते म्हणाले. "आवारातल्या आवारात एक फेरी, पाच मिनिटांची. तुम्ही काळजी करू नका, उद्या काकू पास झाल्याच समजा."

बाईंना नेमकी तीच भीती होती.

चार वाजता काकू आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच, दुकानातून थेट. सीट पुढे ओढली, आरसा लावला, पट्टा बांधला. "बुधवारी मीच नेणार म्हटलं यांना," त्या म्हणाल्या. "ऐकून गप्पच झाले. घाबरले की खूश झाले कळेना."

"चला," बाई म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी पहिली घुं झाली.

"काय वाजलं हो?"

"वायर आहे. चला."

हे खोटं बोलून बाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी पाय पेडलावरून काढून खाली ठेवला. पेट्रोलपंपापाशी स्कूटर डावीकडून घुसली आणि पुन्हा घुं झाली. पाय कधी वर गेला होता त्यांना कळलं नाही. सिग्नलला, गतिरोधकाला, बसथांब्याला, प्रत्येक ठिकाणी. बसथांब्यावर तर रस्ता मोकळा होता, माणसं फुटपाथवर शांत उभी होती, तरी वाजलं. बाई मोजत होत्या. अकरा. बारा. काकू मान खाली घालून ऐकत होत्या, शिवण चालू असताना मशीनच्या आवाजात काही खटकलं की ऐकावं तसं. तेराव्याला त्यांनी गाडी कडेला घेतली. चौदावी घुं ती थांबताना झाली.

इंजिन बंद करून त्या म्हणाल्या, "मॅडम, हे तुमचा पाय पडला की वाजतंय."

"हो."

"पण पाय तर मी उचलला. गाडी थांबली."

बाईंनी त्यांच्या पायाकडे बघितलं. काकूंचा पाय ब्रेकवर होता, पण नुसता टेकलेला, त्याला भारच नव्हता. आणि बाईंना सगळं कळलं. चाळीस वर्षं या बाईचा पाय शिलाई मशीनच्या पेडलावर होता. विजेच्या मोटारीच्या मशीनवर पाय दाबला की सुई पळते, पाय उचलला की थांबते. काकू ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होत्या, रीत म्हणून तो ब्रेकवर ठेवत होत्या, आणि गाडी थांबत होती. थांबतच होती, त्यामुळे त्यात काही चूक आहे असं त्यांना कसं वाटणार?

"काकू, गाडी पाय उचलून थांबत नाही," बाई म्हणाल्या. "दाबून थांबते. तुम्ही ब्रेक कधी दाबलेलाच नाही. चार महिने मी दाबतेय."

 बाजूनं गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी त्यांची गाडी थोडी हलत होती.

"परीक्षेत तुमच्या जागी साहेब बसतात," त्या सावकाश म्हणाल्या.

"हो."

"ते दाबत नाहीत."

"नाही."

"म्हणून रेघ ओलांडली मी. दोनदा. घरी येऊन रडले. यांनी मला समजावलं, धीर धर म्हणाले. अहो, मला वाटलं माझ्यातच धीर नाही." त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मुठीत गुंडाळली. "परवा मी यांना हायवेवर नेणार होते, मॅडम."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

"बरं झालं, तेव्हा सांगितलं नाहीत. रविवारची झोप माझी वाया गेली नाही." काकूंचा आवाज टाका उसवल्यासारखा निसटला. "मी तुमच्याकडे का आले? मालक म्हणाले, एकवीस वर्षांत एकही अपघात नाही."

 दोन वर्षांपूर्वीच्या त्या वळणाबद्दल सांगावं असं बाईंना वाटलं, पण ते आता सबब म्हणून निघालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्याजवळचं संपत आलंय, काकू. मला कळलं नाही. अंगावर काही दिसत नव्हतं." काकूंनी वळून पाहिलं. समजलं नसावं, पण त्यांनी विचारलंही नाही.

"चालवू का, की तुम्ही घेता गाडी?"

"तुम्हीच चालवा. शीतगृहाच्या मागं घ्या."

शीतगृहाच्या मागे ट्रक वळवायचं मैदान होतं. त्या वेळेला रिकामं. भिंतीला लागून जुन्या टायरांचा ढीग, पुरुषभर उंच. बाईंनी काकूंना शंभर पावलांवर गाडी लावायला सांगितली. मग स्वतःच्या चपला काढल्या, सीट पूर्ण मागे ढकलली, दोन्ही पाय वर घेतले आणि पट्ट्याच्या आत मांडी घालून बसल्या.

"हे काय?"

"टायरांच्या दिशेनं जायचं. दुसऱ्या गिअरमध्ये, त्याच्या वर नाही. टायरांच्या अलीकडे थांबायचं. मी सांगणार नाही कुठे."

"आणि नाही थांबली तर?"

"तर लागेल."

काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी निघाली. टायर मोठे होत गेले. बाई मनात 'एक' म्हणाल्या. काकूंनी पाय उचलला. गाडी जात राहिली. बाईंचा उजवा पाय मांडीखालून सुटायला धडपडला, पोटरीत गोळा आला, त्यांनी दोन्ही हातांनी घोटा दाबून धरला. ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला. काकू ब्रेकवर पाय टेकवून वाट बघत होत्या, गाडी आता थांबेल, आता थांबेल.

गाडी टायरांवर आदळली. आवाज फार मोठा नव्हता, गादीवर पोतं पडावं तसा, पण दोघी पट्ट्यात पुढे जाऊन मागे आल्या आणि वरचा एक टायर घरंगळत बोनेटवर येऊन थांबला. इंजिन आचका देऊन बंद पडलं.

 काकू बाईंकडे बघत होत्या. बाईंच्या जिभेवर 'काही झालं नाही' हे नेहमीचं वाक्य तयार होतं.

"लागलं," बाई म्हणाल्या. "मलाही लागलं. पट्टा खांद्यावर बसलाय. तुम्हाला?"

"छातीत धडधडतंय." काकूंनी खाली पायांकडे बघितलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते. "काहीच झालं नाही हो पाय उचलून."

"नाही होत."

दोघींनी उतरून टायर बाजूला केला. नंबरप्लेट वाकली होती, बंपरला उभी चीर गेली होती. बाई तिच्यावरून अंगठा फिरवत थोडा वेळ उभ्या राहिल्या. पाटी आता पुसावी लागणार होती. मग त्या आत जाऊन पुन्हा मांडी घालून बसल्या.

दुसऱ्या खेपेला काकूंनी इतक्या लवकर आणि इतक्या जोरात दाबलं की टायर अजून चाळीस पावलं लांब होते आणि बाईंची मान मोडता मोडता राहिली. तिसऱ्या खेपेला पुन्हा पाय उचलला गेला. शेवटच्या क्षणी काकूंना आठवलं, त्यांनी दाबलं, आणि बंपर टायरांना टेकला. चौथ्याला त्या रडत होत्या, पण डोळे पुसायला हात काढला नाही. बाईंनी एकदाही "शाबास" म्हटलं नाही आणि एकदाही "दाबा" म्हटलं नाही. त्या फक्त 'एक' म्हणत होत्या, आतल्या आत, आणि त्या एकाचा पूर्ण वेळ दर खेपेला सोसत होत्या. त्यांची पाठ घामानं ओली झाली होती.

सहाव्या खेपेला गाडी सावकाश हळू होत आली, काकूंच्या गुडघ्यावरचं कापड ताणलेलं दिसलं, आणि टायरांच्या अलीकडे, माणूस आरामात जाईल एवढी जागा ठेवून, थांबली. बझर वाजला नाही. काकूंनी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला आणि मघासारखा, मशीनचा आवाज ऐकावा तसा कान देऊन म्हणाल्या, "हा कुणाचा होता?"

"तुमचा."

"खरं सांगताय?"

बाईंनी मांडीकडे बोट दाखवलं.

काकूंनी मान हलवली. नंतर बरंच काही बोलणं झालं, सगळं हळू आवाजात. उद्याची परीक्षा नको, हे काकूंनीच ठरवलं. सहा खेपांपैकी दोन धड झाल्या, त्याच्या भरवशावर मी यांना हायवेवर नेणार नाही, त्या म्हणाल्या. बुधवारी पुतण्याला सांगेन. त्याच्या घड्याळाकडे बघेन अजून एक महिना. बाई म्हणाल्या, मालकांना बंपर मीच दाखवते, आणि काही दिवस मला या सीटवरून उतरू द्या असंही सांगते; थिअरीचा वर्ग घेईन.

"आणि मला कोण शिकवणार?" काकूंनी विचारलं.

"दुसरे शिक्षक आहेत."

"ते मांडी घालून बसतील?"

बाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. "नाही बसणार. पाय काढून घेणं म्हणजे काय ते त्यांना अजून कळायचंय."

"मग मी थांबते तुमच्यासाठी. महिना तर महिना."

काकूंनी किल्ली फिरवायला हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "इतक्यात रस्त्यावर नको. माझे पाय बधिर झालेत. गुडघ्याखाली काही कळतच नाही. आत्ता रस्त्यावर काही झालं तर मी कामाची नाही."

काकूंनी किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "किती वेळ लागेल?"

"माहीत नाही."

बाईंनी हातांनी एकेक पाय उचलून खाली सोडला. पेडलांना तळवे लागलेले त्यांना दिसले, पण जाणवले नाहीत. समोर टायर होते, त्यांच्यावर उतरतं ऊन होतं. काकू घाई करत नव्हत्या. त्या टेप उलगडून पुन्हा गुंडाळत होत्या. बऱ्याच वेळानं बाईंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पहिली मुंगी आली, मग दुसरी, मग तळव्यातून पोटरीपर्यंत शेकडो सुया टोचायला लागल्या, आणि बाईंनी दात आवळून सीटची कड धरली.

"दुखतंय?" काकूंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "येतंय परत."